थंडीआधी घराच्या फटी बुजवण्याबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात मी आले होते तेव्हा बाबा गुडघ्यांवर पांघरूण घेऊन हीटरच्या अगदी पुढ्यात बसले होते आणि त्यांच्या मागच्या बंद खिडकीचा पडदा खालच्या कडेने सारखा हलत होता. ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही. बिल फार येते म्हणून आई दुपारी हीटर बंद करते, मग घर गारठते म्हणून बाबा रात्री तो मोठा करतात. यंदा ही ओढाताण होऊ नये म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपले बिल वाढते, कारण तापवलेली हवा घरात टिकतच नाही. गरम हवा हलकी असल्यामुळे वर चढते, माळ्याच्या झाकणाच्या कडांमधून आणि छताजवळच्या भेगांमधून निघून जाते, आणि तिच्या जागी खालच्या फटींतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. म्हणून आधी सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या फटी बुजवायला हव्यात. आपण मात्र इतकी वर्षे खिडक्यांतच वर्तमानपत्राच्या घड्या कोंबत आलो. पुढच्या दाराखाली बोट जाईल एवढी, म्हणजे सुमारे १ सेंटीमीटरची फट आहे. दार ९० सेंटीमीटर रुंद धरले तर ती उघडी जागा ९० चौरस सेंटीमीटर भरते. दाराच्या मधोमध तळहाताएवढे भोक पडले असते, तर बाबांनी ते एक रात्रही तसे राहू दिले नसते.

वारा सुटलेला असेल अशा दिवशी पंखे बंद करून आणि पडदे बाजूला सारून, पेटवलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने सावकाश फिरवा. धुराची सरळ रेघ जिथे मोडून आडवी होईल तिथे खडूने खूण करा. उघडझाप होणाऱ्या कडांना चिकटवायची रबराची किंवा फोमची पट्टी, दाराच्या तळाला ब्रश लावलेली पट्टी आणि भिंत व चौकट यांच्यामधल्या न हलणाऱ्या भेगांत सिलिकॉन, एवढ्याने बरेचसे काम होईल. स्वयंपाकघरातला झरोका आणि गॅसवर पाणी तापते त्या न्हाणीघराची जाळी यांना मात्र कृपया हात लावू नका. तिथे हवा कोंडली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि तो जिवावर बेततो.

बाबा, तुम्ही तेलाचा नवा हीटर घ्यावा म्हणत होता. तेलाचा, कॉइलचा किंवा पंख्याचा, कोणताही साधा हीटर एका युनिटमध्ये सारखीच उष्णता देतो, त्यामुळे केवळ तो बदलून बिल उतरणार नाही. २००० वॅटचा हीटर सहा तास चालला की १२ युनिटे जातात. १०० वॅटचे विजेचे पांघरूण रात्रभर, आठ तास वापरले तरी एक युनिटही पुरते जळत नाही. रात्री सगळी खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवणे म्हणूनच स्वस्त पडते. दिवसा उन्हाच्या बाजूचे पडदे उघडे ठेवावेत आणि सूर्य मावळताच सगळे ओढून घ्यावेत, हे तर आई करतेच.

आई, तुझ्याशी मात्र मला थोडे भांडायचे आहे. काटकसर म्हणून थंडीत बसून राहू नकोस. घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले आहे, आणि वृद्धांना त्याहूनही अधिक उबेची गरज पडू शकते. वय वाढले की गारठा अंगात शिरल्याचे शरीराला उशिरा कळते, म्हणून ‘मला नाही वाजत थंडी’ या तुझ्या म्हणण्यावर मी विसंबणार नाही. बैठकीच्या खोलीत एक तापमापक टांग आणि त्याचा आकडा पाहूनच हीटर बंद करायचा की नाही ते ठरव.

सगळ्या दारांची आणि खिडक्यांची मापे एका कागदावर लिहून मला कळवा, म्हणजे लागतील तेवढ्या पट्ट्या मी येताना घेऊन येईन. माळ्याच्या झाकणाचे काम मी आल्यावर माझ्या हातांनी करीन. बाबांनी त्यासाठी शिडी लावू नये, आणि आईने ती त्यांना काढून देऊ नये.

तुमची लेक