सल्ला केंद्रातल्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

एकाचा पासपोर्ट पोर्तुगालचा, दुसऱ्याचा भारताचा. गोव्याहून जर्मनीत आलेल्या आमच्यासारख्या घरांत कागदांचा घोळ ठरलेलाच. पोर्तुगीज नागरिकाला इथे वेगळं परमिट लागत नाही, भारतीय जोडीदाराला मात्र निवासाचं कार्ड काढावं लागतं. तो घोळ तुम्ही निस्तरलात, तोही एक पैसा न घेता.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं आणि त्यात राहायला आलेल्या प्रत्येकाचं नाव हवं. बायकोचं नाव राहिलं की तिची नोंद अडते, मग पुढचं सगळंच अडतं. टपालपेटीवर दोघांचीही आडनावं चिकटवा, हाही सल्ला तुमचाच. टॅक्स नंबर टपालानेच येतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जातं. (कॅथलिक मंडळींना आयकराच्या रकमेवर आणखी ८ किंवा ९ टक्के चर्चकर पडतो हे तुम्ही आधीच सांगितलंत, म्हणून पहिली पगाराची स्लिप बघून कोणी दचकलं नाही!)

खरी गोची कार्डासाठी लागणाऱ्या लग्नाच्या दाखल्याची. अपोस्टिल म्हणजे सरकारी कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मारायचा शिक्का. भारत २००५ साली अपोस्टिल करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला. त्यामुळे दिल्लीचा शिक्का मारून आणलेल्या दाखल्याने काम होत नाही. तो पडताळणीला गेला की महिने जातात. तुम्ही एकच विचारलंत, "लग्न पोर्तुगालात नोंदवलंय ना? मग तिथला दाखला मागवा, सोबत बहुभाषिक फॉर्म." युरोपीय संघाच्या २०१६/११९१ या नियमानुसार एका सदस्य देशाचा असा दाखला दुसऱ्याला अपोस्टिलशिवाय घ्यावा लागतो, आणि फॉर्म जोडला की भाषांतराचा खर्चही सहसा वाचतो. फक्त नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय ना, ते अर्जाआधी बघायचं.

काउंटरवर जर्मन भाषेचं ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीचं, प्रमाणपत्र मागितलं तर घाबरायचं नाही. ती अट जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला. संघातल्या दुसऱ्या देशाच्या नागरिकाच्या जोडीदाराला नाही. म्हणून अर्जावर 'आउफएन्टहाल्ट्सकार्टे' (म्हणजे हेच निवासाचं कार्ड) असं ठळक लिहायचं आणि पोच लगेच मागून घ्यायची. कार्ड सहा महिन्यांच्या आत मिळायला हवं. तोवर नोकरी देणाऱ्याला दाखवायला ती पोचच असते.

तुमचे मनापासून आभार.

आपली ऋणी,
गोव्याकडची कुटुंबं