मृगाआधी विमान-खोलीवर पत्रे चढवायचे आहेत : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या मागच्या खोलीला सगळे गाव 'विमान-खोली' म्हणते. मागच्या पावसाळ्यात तिचे पत्रे गळाले आणि पोरांनी वर्षभर खपून केलेला हवेचा बोगदा (पंख्याने वारा सोडून विमानाचे पंख तपासायची लांबट पेटी) भिजून फुगला. प्लायवूडचाच तो, किती टिकणार? आता मृग तोंडावर आला आहे. पत्र घाईत लिहीत आहे, चुका मास्तरांनी पोटात घालाव्यात.

आधी ज्यांनी ही खोली उभी केली त्यांची आठवण. स्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या मिस्तरींनी बोगद्याचा सांगाडा फुकट जोडून दिला, वर घरच्या कूलरचा पंखाही काढून दिला (वहिनींनी तो उन्हाळा कसा काढला ते विचारू नका). राइट बंधूंचेही असेच साधे दुकान होते, सायकलचे. त्यांच्या विमानाचे इंजिन दुकानातल्याच कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत घडवले आणि 17 डिसेंबर 1903 ला ते विमान पहिल्यांदा उडाले, 12 सेकंद, 120 फूट. हे ऐकून मिस्तरी म्हणाले, "मंग आपलं बी उडी भो."

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आपले अण्णा दर रविवारी पाण्याचे रॉकेट शिकवत. दोन लिटरच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी सायकलच्या पंपाने दाबलेली हवा. बूच सुटले की पाणी खाली आणि बाटली वर. नुसती हवा भरली तर बाटली तेवढी चढत नाही, कारण मागे फेकायला वजन हवे. खरे रॉकेटही मागे वायू फेकूनच पुढे जाते, पण जाळायला लागणारा ऑक्सिजन सोबत नेते, म्हणून हवा नसलेल्या जागीही चालते. विमानाचे इंजिन तिथे गप्प. बाटलीच्या नाकात चिंध्या भरून भार पुढे आणला नाही तर ती हवेत कोलांट्या खाते, हे अण्णांनी तीन बाटल्या फोडून दाखवले होते. अण्णा गेल्या दिवाळीत गेले.

भजनी मंडळाच्या बायकांनी कानबाईच्या उत्सवातून उरलेले 2,100 रुपये आणून दिले, तेही न मागता. त्यांचे उपकार कसे विसरू?

बोगद्यात पोरे काय करत, हे अजून काहींना माहीत नाही. विमानाच्या पंखाचे पाते थोडे कलते धरले की वारा खाली वळतो आणि पाते वर उचलले जाते. कल वाढवत नेला की उचल वाढते, आणि एका टप्प्यावर हवा पात्याच्या पाठीवरून सुटून उचल एकदम कोसळते. हे सगळे काट्यावर तोलून वहीत लिहिलेले आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या सातवीतल्या मुलीने हिशेब मांडला की 15 अंशांच्या हवेपेक्षा आपली मे महिन्यातली 45 अंशांची हवा सुमारे 9 टक्के विरळ, विरळ हवेत उचल कमी, म्हणून उन्हात विमानाला धावपट्टी जास्त लागते. खान्देशच्या उन्हाचा कोणालातरी उपयोग झाला!

ही खोली म्हणजे काही नवे खूळ नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्याच पाटणला इ. स. 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला राजाने दान दिलेच; पण बाजारात येणाऱ्या मालातला हिस्सा आणि दर तेलघाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यावे, असेही जुन्या मराठीत कोरले आहे. तेव्हाच्या तेल्याने पळीभर तेल दिले. मागच्या वर्षी आम्ही आवाहन टाकले तर ग्रुपवर दीडशे अंगठे आले आणि पैसे नऊ जणांचे. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरले तेव्हा याच खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पेढ्यांवरून रेटारेटी झाली. 2019 मध्ये आधीचा लँडर (चांद्रयान-2 चा चंद्रावर उतरायचा भाग) आदळला तेव्हा मात्र टीव्हीसमोर अण्णा, मी आणि चार पोरे. असो. बोलून वाईटपणा कशाला घ्यायचा.

खर्च : पत्रे, अँगल, मजुरी मिळून 84,000 रु., नवा बोगदा (वॉटरप्रूफ प्लाय, अ‍ॅक्रिलिक शीट, काटा) 27,000 रु.; जमा 31,500 रु. पावती वाचनालयात रोज संध्या. 6 ते 8, सोमवारी बंद. आयकर सवलतीचे पत्र अजून नाही. वस्तूही चालतील : चांगला अँगल, टेबल फॅन, रिकाम्या दोन लिटरच्या बाटल्या (कोल्ड्रिंकच्याच, पाण्याच्या पातळ असतात, फुटतात). श्रमदान येत्या दोन्ही रविवारी सकाळी 7 पासून, शिडी असेल त्यांनी आणावी. वस्तू उसनी म्हणून देऊ नये, दिले ते दिले.

आपला,
सचिव, वाचनालय

ता. क. : अण्णांचा सायकलपंप कोणी नेला असेल तर आणून द्यावा. नवा नको, तोच हवा.