गंगापूर धरणाच्या काठावरच्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागच्या रविवारी दुपारी तुम्ही धरणाच्या काठी जाळं सांधत बसला होतात आणि एक नऊ वर्षांचा मुलगा तुमच्याशेजारी येऊन उकिडवा बसला. मी त्याची आई.

त्यानं तुम्हाला विचारलं, "लोखंडाचं जहाज तरंगतं, मग खिळा का बुडतो?" हाच प्रश्न त्यानं वर्गात विचारला होता. "हलकं तरंगतं, जड बुडतं, एवढंच लिही," असं उत्तर मिळालं, वर सगळा वर्ग हसला. तेव्हापासून पोरगं काही विचारेनासं झालं होतं. मीसुद्धा "मोठा झालास की कळेल" म्हणून त्याला वाटेला लावलं होतं. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

तुम्ही हसला नाहीत. डबा उघडलात, भाकरी आणि ठेचा रुमालावर काढून ठेवलात आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिलात. तुम्ही अजून जेवला नव्हतात, काका. ती रुमालावरची भाकरी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

"आता पाण्यात दाब. अजून दाब. काय वाटतं?"

"वर ढकलतंय!"

"डबा जड का हलका, ते इचारू नको. त्यानं किती पाणी सारलं, ते बघ."

मग तुम्ही डबा कलता केलात. पाणी आत शिरलं आणि तोच डबा बुडाला. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरून तो काढून आणलात.

स्टील पाण्याच्या जवळजवळ ८ पट जड. पण डब्यात पोकळी असते, म्हणून तो थोडासा बुडतो न बुडतो तोच स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो आणि तिथंच थांबतो. खिळ्याला तेवढं पाणी सारताच येत नाही. आर्किमिडीजनं हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मांडलं. शाळेत मीही ते घोकलं होतं, पण माझ्या हाताला कधी कळलं नव्हतं. माझ्या मुलाच्या हाताला कळलं. परक्याच्या पोरासाठी हातातलं काम आणि पुढ्यातलं जेवण बाजूला ठेवणारी माणसं अजून आहेत, या विचारानं मला परतीच्या वाटेवर भरून आलं होतं.

घरी आल्या आल्या त्यानं पेल्यात द्राक्ष टाकलं. ते तळाला गेलं. मग मीठ घालून ढवळत राहिला आणि पाचव्या चमच्याला द्राक्ष वर आलं. "मिठानं पाणीच जड झालं, आई!" किती दिवसांनी त्याचा असा आवाज ऐकला.

या रविवारी आम्ही पुन्हा येतोय. त्याला विचारायचंय, की मासा पाण्यात मधेच कसा थांबतो, वरही येत नाही आणि तळालाही जात नाही. डबा माझ्याकडून आणते. तुमचा डबा आधी तुम्ही खा.

तुमची ऋणी,
एक आई, नाशिक