आधी सांधे मोजा, मग औषध वाढवा

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आमवात, ल्युपस आणि त्या जातीच्या आजारांच्या निदानाचे व मोजमापाचे संशोधन सुरू करण्याबाबत.

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी इमारत, नवं यंत्र, नवा विभाग मागणारी पत्रं आपल्याकडे रोज येत असतील. मी मागते आहे ती गोष्ट त्या मानाने फार स्वस्त आहे. आमवाताच्या आणि तशा आजारांच्या रुग्णांचे सांधे दर भेटीला हाताने तपासावेत, आजार आकड्यात मोजावा, ते आकडे वर्षानुवर्षं जपावेत आणि त्यातून आपल्या भागाचं स्वतःचं संशोधन उभं राहावं. मी याच जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करते. या आजारांत रुग्णाचं नुकसान औषध नसल्यापेक्षा मोजमाप नसल्याने जास्त होतं, असं माझं ठाम मत आहे.

शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, असे हे आजार. आमवातात (इंग्रजीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए) ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड, मेंदू यांतलं काहीही सापडतं. स्क्लेरोडर्मात कातडी राठ होते आणि पुढे फुफ्फुसंही. रुग्ण बहुतांश बायका, त्याही घर आणि शेत दोन्ही ओढण्याच्या वयातल्या.

किती रुग्ण असतील? १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या संधिवाताच्या आजारांवरच्या कार्यक्रमातली ही पाहणी. गावातलेच कार्यकर्ते प्रश्नावली घेऊन फिरले, चार हजारांवर प्रौढांची माहिती गोळा झाली आणि आमवाताचं प्रमाण सुमारे ०.५ टक्के निघालं. त्याआधी १९९३ मध्ये दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या पाहणीत ते ०.७५ टक्के आलं होतं. म्हणजे दर दीडशे-दोनशे प्रौढांमागे एक. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. प्रौढ २५ लाख धरले आणि भिगवणचं प्रमाण लावलं तरी एकट्या आमवाताचे बारा हजारांवर रुग्ण होतात. हा हिशेब माझा, पण कागदावरचा. खरा आकडा शोधण्याचं काम आपल्या महाविद्यालयाचं आहे.

आता निदानाकडे येते, कारण खरी गोची तिथेच आहे. सांधा दुखला की 'आरए फॅक्टर' (आमवातात रक्तात सापडणारं एक प्रतिद्रव्य) तपासायचा, पॉझिटिव्ह आला की आमवात, निगेटिव्ह आला की काही नाही, अशी पद्धत पडून गेली आहे. एक हजार प्रौढांचं गाव घ्या. भिगवणच्या हिशेबाने त्यात आमवाताचे पाच रुग्ण. ही तपासणी त्यांतल्या चौघांत पॉझिटिव्ह येईल, एकात येणार नाही. पण निरोगी माणसांतही ती शंभरात पाचेक जणांत पॉझिटिव्ह येते, वयस्कांत त्याहून जास्त. म्हणजे उरलेल्या ९९५ जणांत जवळपास पन्नास. सगळ्या गावाची तपासणी केली तर पॉझिटिव्ह आलेल्या चौपन्न जणांत खरे रुग्ण चार. क्षयरोगात, हिपॅटायटिस सी मध्येही हा फॅक्टर वाढू शकतो. ल्युपससाठी केल्या जाणाऱ्या एएनए या रक्तचाचणीची तीच गत. १९९७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांच्या रक्तातही १:८० या पातळीला (रक्तद्रव ८० पट पातळ करून) ती सुमारे १३ टक्के वेळा पॉझिटिव्ह आढळली होती. कागदावर 'पॉझिटिव्ह' वाचून रडत आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांना ल्युपस नव्हता. उलट, फॅक्टर निगेटिव्ह म्हणून परत पाठवलेल्या आणि बोटं वाकडी झाल्यावर पुन्हा आलेल्या बायकाही पाहिल्या आहेत. त्यांचं दुःख मोठं, कारण पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं असतं तर ती बोटं बहुधा वाचली असती.

आमवातासाठी २०१० साली अमेरिकन आणि युरोपीय संस्थांनी मिळून निकष ठरवले. किती सांधे, फॅक्टर व अँटी-सीसीपी ही प्रतिद्रव्यं, ईएसआर-सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आणि सहा आठवड्यांचा काळ अशा चार गोष्टींना गुण, दहापैकी सहा मिळाले की आमवात. हे निकष संशोधनात सारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून बनवले आहेत, निदानाचा शिक्का म्हणून नव्हे. आपल्याकडे तर आणखी एक पेच आहे, चिकनगुन्याचा. २००६ च्या साथीने महाराष्ट्राला तो दाखवला आणि नंतरही तो येत राहिला. ताप उतरतो, पण हाताचे लहान सांधे सुजलेले राहतात, सकाळी मूठ वळत नाही आणि हे महिनोन्महिने चालतं. अशा रुग्णाला सहा गुण सहज मिळू शकतात. मग त्याला उगाच वर्षानुवर्षं गोळ्या चालू राहतात. दुसरीकडे खरा आमवात सुरू झालेल्या बाईला 'चिकनगुन्याचं दुखणं आहे, जाईल हळूहळू' असं सांगून मोलाचे महिने वाया घालवले जातात. या दोघांना वेगळं कसं ओळखायचं, कोणत्या आठवड्यात कोणती खूण भरवशाची, हे परदेशातला अभ्यास आपल्याला सांगणार नाही. साथ जिथे येते तिथेच तो अभ्यास व्हायला हवा.

निदानाइतकंच महत्त्वाचं पुढचं मोजमाप. साखर न तपासता मधुमेहाची गोळी कमी-जास्त करणारा डॉक्टर आपण कुणी चालवून घेणार नाही. आमवातात मात्र 'कसं वाटतंय?' 'बरं आहे' एवढ्यावर चिठ्ठी पुढे सरकते. वास्तविक मोजायची रीत साधी आहे. खांदे, कोपर, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे सांधे मिळून २८ सांधे दाबून पाहायचे, दुखरे किती, सुजलेले किती. रुग्ण आपल्या आजाराला दहापैकी किती गुण देते ते विचारायचं, डॉक्टरांनी आपले द्यायचे. चारही आकड्यांची बेरीज म्हणजे 'सीडीएआय'. २.८ च्या आत आजार शांत, २२ च्या वर पेटलेला. रक्ततपासणी लागत नाही, त्यामुळे चंदगडहून शंभरेक किलोमीटर एसटीने आलेल्या बाईला रिपोर्टसाठी ताटकळावं लागत नाही. सरावाने हे काही मिनिटांचं काम आहे आणि प्रशिक्षित परिचारिकाही ते करू शकते.

एवढ्याशा मोजमापाने फरक पडतो? ग्लासगोतल्या 'टिकोरा' चाचणीचे निष्कर्ष २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ११० रुग्ण, दोन गट, दोघांनाही नेहमीचीच औषधं. फरक एवढाच की एका गटाला दर महिन्याला बोलावून आजार मोजला आणि आकडा खाली येईपर्यंत औषध वाढवलं, सांध्यात इंजेक्शनं दिली. दुसऱ्याला नेहमीची देखरेख. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात १६ टक्के. २०१३ च्या आणखी एका चाचणीत मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तीन जुन्या गोळ्या महागड्या बायोलॉजिक (प्रथिनापासून बनवलेल्या) इंजेक्शनापेक्षा कमी ठरल्या नाहीत. गरीब जिल्ह्यासाठी यापेक्षा दिलासा देणारी बातमी कोणती? मात्र मोजमाप नसेल तर या स्वस्त गोळ्याही वाया जातात. रुग्ण कंटाळून कुठल्याशा 'वाताच्या पुडी'कडे वळते. त्या पुडीत स्टिरॉइड असलं तर महिनाभर जादू वाटते आणि पुढे हाडं ठिसूळ होतात.

ज्या मापाने मोजायचं ते माप मात्र आपलं असायला हवं. १९८० साली स्टॅनफर्डमध्ये रुग्णाची रोजची कामं विचारणारी 'एचएक्यू' प्रश्नावली तयार झाली. भारतीय डॉक्टरांनी ती पुढे आपल्याकडे बेतली, मांडी घालून बसून उठता येतं का, एका हाताने पोळी मोडता येते का, असे प्रश्न घातले. कोल्हापूरच्या बाईला आणखी पुढचं विचारायला हवं. भाकरी थापता येते का? म्हशीची धार काढता येते का? गोधडी पिळता येते का? धार पहाटे काढायची असते आणि आमवाताचा ताठरपणा पहाटेच सर्वांत जास्त असतो. धार काढायला दुसरं कुणी बसायला लागलं की घरातला आजार किती वाढला हे मला कळतं, कुठल्याही रिपोर्टच्या आधी. पण मला कळून उपयोग नाही. हे प्रश्न शेकडो रुग्णांवर पडताळून, सांध्यांच्या संख्येशी त्यांचा मेळ घालून पाहावा लागतो, तेव्हा ते माप होतं. आणखी एक, त्या २८ सांध्यांत घोटे आणि पावलं नाहीतच. राधानगरी-गगनबावड्याकडे चिखलात वाकून भाताची लावण करणाऱ्या बाईचा आजार पावलांत पेटलेला असेल तर आकडा शांत दिसेल आणि ती मात्र चालू शकणार नाही. आपल्याकडच्या रुग्णांत असं किती वेळा होतं, हा एका प्रबंधाचा विषय आहे.

ल्युपसबद्दल थोडक्यात लिहिते. गोऱ्या कातडीवर लालभडक दिसणारा गालांवरचा डाग आपल्या सावळ्या कातडीवर काळपट दिसतो आणि 'वांग आलंय' म्हणून मलम लावलं जातं. ताप, केस गळणं, सांधे दुखणं यांवर कधी टायफॉइडचे, कधी क्षयरोगाचे उपचार होतात. तोवर मूत्रपिंडाला सूज आलेली असते, दुखत मात्र काहीच नसतं. ती सूज दाखवणारी पहिली खूण म्हणजे लघवीतली प्रथिनं, आणि ती पाहायची पट्टी तालुक्याच्या कुठल्याही दवाखान्यात मिळते. ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाची लघवी प्रत्येक भेटीला तपासलीच पाहिजे, असा साधा लेखी नियम करा. डायलिसिसवर जाणाऱ्या काही मुली तरी थांबतील.

माझा जीव सर्वांत जास्त अडकला आहे तो वेगळ्याच प्रश्नात. कोल्हापूर हे फाउंड्रीचं शहर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे हजारो हातांना त्या धंद्याने काम दिलं. ओतकामाच्या साच्यांची वाळू म्हणजे सिलिका. सिलिकाच्या बारीक धुळीने फुफ्फुसं खराब होतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती धूळ प्रतिकारशक्तीलाही बिथरवते. १९५७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत स्क्लेरोडर्माचे रुग्ण नोंदवले गेले, स्वीडनमध्ये सिलिकाच्या संपर्कातल्या पुरुषांत आमवाताचा धोका वाढलेला आढळला. आमवात हा बायकांचा आजार अशी सर्वांची समजूत, त्यामुळे फाउंड्रीतल्या पुरुषाचे सांधे सुजले की 'काम जड आहे' म्हणून सोडून दिलं जातं. या कामगारांची सांधे, कातडी, फुफ्फुसं आणि रक्त अशी एकत्र तपासणी इथे व्हायलाच हवी. ती कारखानदारांच्या विरोधात नाही. धूळ कशी आणि कुठे कमी करायची हे त्यातूनच कळेल. या प्रश्नासाठी कोल्हापूरपेक्षा योग्य जागा मला दिसत नाही.

आपल्याकडून मला हवं आहे ते असं. महाविद्यालयाच्या सीपीआर रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फक्त संधिवाताच्या आजारांची ओपीडी असावी. तिथे एक परिचारिका सांधे मोजायला आणि एक नोंदणी साहाय्यक आकडे संगणकात ठेवायला असावा, रुग्णाची मराठीतून लेखी संमती घेऊन. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे या आजारांच्या तज्ज्ञाचं, पद मंजूर व्हावं. ते भरेपर्यंत मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाने महिन्यातून एकदा यावं. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीने (चमकणारा रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली) एएनए तपासण्याची पक्की सोय व्हावी, आणि ती तपासणी रुग्ण पाहिल्याशिवाय करू नये असा दंडक असावा. एमडीच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यांतले दोन-तीन विषय दरवर्षी याच नोंदींतून निघाले तर पाच वर्षांत चिकनगुन्या, धार-भाकरीची प्रश्नावली, फाउंड्री अशा प्रश्नांवर बरंच काम उभं राहील. शासकीय आरोग्य योजनांची रचना दाखल होणाऱ्या रुग्णाभोवती आहे. हा रुग्ण दाखल होत नाही, तो आयुष्यभर ओपीडीत येतो. त्याची मेथोट्रेक्सेट आणि रक्ततपासणी ओपीडीतच विनामूल्य कशी मिळेल तेही पाहावं.

आशाताईंनाही यात घ्या. तीन किंवा जास्त सुजलेले सांधे, हाताची किंवा पावलाची बोटं मुळाशी एकत्र दाबल्यावर कळ, सकाळी अर्धा तास किंवा जास्त टिकणारा ताठरपणा. यांतलं काहीही दिसलं तर लवकर तज्ज्ञाकडे पाठवा, अशी शिफारस २००२ सालीच झाली आहे. ऊसतोडीने आणि खुरप्याने मुळातच दुखणाऱ्या हातांवर ही खूण किती खरी ठरते, हेही आपल्यालाच तपासावं लागेल.

ज्या जिल्ह्यात डेंग्यू आहे, क्षयरोग आहे, तिथे हा खर्च कशाला, असं कुणी तुम्हाला विचारेल. तीस-पस्तीस वर्षांची बाई हाताने निकामी झाली की त्या घरातली गुरं विकली जातात आणि मोठ्या मुलीची शाळा सुटते, असं मी पाहिलं आहे. आणि सांधे मोजायला लागतात ती फक्त दोन हात आणि शिकलेली बोटं.

ओपीडी सुरू झाली तर ठरलेल्या दिवशी विनामानधन येऊन सांधे तपासायला आणि परिचारिकांना ते शिकवायला मी तयार आहे. बाहेरच्या डॉक्टरांना असं काम करू देण्याची तरतूद आदेशात व्हावी, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक फिजिशियन