कुटुंबवत्सल आणि दर्यावर्दीही

महोदय,
गेल्या आठवड्यातील निधनवार्तांमध्ये पंचवटीतील एका नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त खलाशाचे वृत्त वाचले. 'ते कुटुंबवत्सल होते' असे सांगून त्यात त्यांची बोटीवरील सारी वर्षे 'खासगी नोकरी' या दोन शब्दांत आटोपली, हे खटकले. खलाशाचा कुटुंबाचा लळा त्याच्या नोकरीपासून वेगळा काढता येत नाही. जून १९६७ ते जून १९७५ या काळात सुएझ कालवा बंद असल्याने मुंबईहून युरोपकडे निघालेल्या मालवाहू जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे, सफरी लांबत आणि घरच्यांना ते कळे पुढच्या बंदरातून टाकलेल्या पत्रानेच. शेजारी या नात्याने मी ती पत्रे पाहिली आहेत: वादळाचा उल्लेख क्वचित, मुलांच्या गणिताच्या गुणांची चौकशी मात्र हटकून. (उत्तर वेळेत न आल्यास तक्रारही.) 'एस. एस. लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली, त्या स्मरणार्थ राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. निदान त्या तारखेच्या अंकात, समुद्रापासून दूर गोदाकाठी स्थिरावलेल्या अशा खलाशांसाठी आपण एखादा स्तंभ राखावा, ही विनंती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक