ओलांडा पळवू नकोस

रामबाग, इंदूर
रंगपंचमीनंतरचा रविवार

प्रिय बंड्या,

तुझं पत्र नेमकं रंगपंचमीला हातात पडलं. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली होती, आमच्या गल्लीतली पोरं ओळखू येत नव्हती, आणि मी ओट्यावर बसून पत्र दोनदा वाचलं. रिकटनंतर, म्हणजे नव्या वेली खाली छाटल्यावर, दीड महिन्यात तुझ्या द्राक्षाच्या वेली तारेला लागल्या म्हणतोस, म्हणजे मुळं छान धरली आहेत. पण पुढचं वाक्य वाचून जीव खालीवर झाला. एका वेलीचा ओलांडा, म्हणजे तारेवर आडवा वाढवायचा फाटा, दोन हात पुढे गेला आणि तू तो कौतुकाने तसाच जाऊ दिलास. बंड्या, आज संध्याकाळीच त्याचा शेंडा मार.

वेल नेहमी टोकाकडे धावते. सरळ पळू दिली तर सगळा जोर शेंड्याला जातो आणि मधले डोळे, जिथून नवी फूट निघते ते, झोपूनच राहतात. पुढच्या वर्षी छाटणी केलीस की ओलांड्याच्या दोन्ही टोकांना फुटवे येतील आणि मध्ये हातभर उघडं लाकूड दिसेल. ती रिकामी जागा मग सहजासहजी भरत नाही. म्हणून नऊ-दहा पानं झाली की शेंडा खुडायचा, बगलफुटी जोर धरेपर्यंत थांबायचं, मग टोकाची एक फूट पुढे न्यायची, पुन्हा थांबायचं. शेजारच्या वेलीपर्यंत पोचायला दोन-तीन महिने लागले तरी लागू देत. ओलांड्यावर तीन-चार बोटांच्या अंतराने एकेक काडी उभी राहिली पाहिजे. खोड मात्र बांबूला सुतळीने सरळ बांध, आणि बांधताना आठाचा फेर घे. फास दिलास तर खोड जाड झाल्यावर सुतळी सालीत रुतते.

मांडव की वाय, हे तू विचारलंस. मी वाय लावला आहे, इंग्रजी Y च्या आकाराच्या खांबांवर तारा ओढलेला, आणि तुलाही तेच सांगेन. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस. मांडवावर पानांचं छत झालं की खाली ओल कोंडते, डाऊनी आणि करपा हे बुरशीचे रोग तिथेच बसतात. वायच्या दोन हातांमधून वारा फिरतो, फवारा घडापर्यंत पोचतो. ओळी उत्तर-दक्षिण घेतल्यास हे फार बरं केलंस, सकाळी एका बाजूला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला ऊन मिळेल.

आता जे मला तुला खरं सांगायचं आहे ते. चौथ्या वर्षी माझी बाग सगळ्या परिसरात हिरवीगार होती. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या ओलांड्याजवळ कापून नव्या वाढवायची छाटणी, मी मजूर मिळेनात म्हणून महिनाअखेरीला केली. मेमध्ये खत आणि पाणी सढळ हाताने दिलं. पानावर पान चढलं, लोक थांबून बघायचे, मला अभिमान वाटायचा. दसऱ्यानंतर गोडी छाटणी, म्हणजे घडांसाठीची छाटणी, केली, दिवाळीत फुटवे निघाले. घरी फराळ चालू होता आणि मी बागेत एकेक फूट हातात धरून बघत होतो. दहातल्या सात फुटींवर घड नाही, नुसती बाळी, म्हणजे घडाच्या जागी रिकामा तणावा. मला वाटलं थंडीने घड जिरले. एका जाणत्या बागायतदाराला काड्या दाखवल्या. तो म्हणाला, घड आता जिरले नाहीत, ते जूनमध्येच धरले नव्हते.

हे मला तोवर कोणी समजावलं नव्हतं, किंवा समजावलं तरी मी ऐकलं नव्हतं. फेब्रुवारीत आपण जो घड तोडतो तो आदल्या मे-जूनमध्ये, खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, काडीवरच्या डोळ्यात ठरतो. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडावं लागतं. सावलीत राहिलेला डोळा बाळी देतो. मी उशीर केला म्हणून ते दिवस नेमके पावसाळी ढगांत सापडले, आणि वर पानांची गर्दी. त्या हिरवेपणाचा मला अभिमान होता, आणि त्यानेच माझं वर्ष नेलं.

तेव्हापासून खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मग घरात लग्न असो की काही. म्हणजे चाळिसावा दिवस मेच्या मध्यात येतो, आकाश निरभ्र असतं. उघड्या ओलांड्याला माळव्याचं एप्रिलचं ऊन भाजतं, म्हणून डोळे फुटेपर्यंत दुपारी त्यावर पाणी मारतो. फुटी निघाल्या की गर्दीच्या काढून टाकायच्या. सात पानांवर शेंडा मारून सबकेन करायची, म्हणजे तिथल्या बगलफुटीची काडी पुढे वाढवायची, ऑक्टोबरमध्ये त्या गाठीच्या आसपासचे डोळे घड देतात. भर दुपारी बागेत जाऊन जमीन बघायची. ओळीखाली उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर ठीक. गडद सावली असेल तर त्याच दिवशी विरळणीला बाया लावतो. आतली पिवळी पडणारी पानं वेलीला काही देत नाहीत.

आमच्या वाड्यातला वेल तुला आठवतो? नानांनी बांबूचा मांडव घातला होता, त्याखाली आपण पत्ते खेळायचो. नाना म्हणायचे, हिरव्याला कात्री लावू नये. त्यांचा जीव होता त्या वेलीवर. सावली भरपूर दिली तिने, द्राक्षं वर्षाला दोन-चार झुपके, तीही आंबट. आज ते असते तर मी त्यांना हाताला धरून माझ्या बागेत नेलं असतं आणि कवडसे दाखवले असते.

छाटलेल्या काड्या जाळू नकोस. रोगट असतील त्याच बाहेर काढ, बाकीच्या बारीक करून शेणकाल्यात थर देऊन कुजव. आपल्या या शहरात १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम करून कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. आणि आपण शेतकरी मात्र बांधावर काड्या पेटवतो, मला ते बघवत नाही.

यंदा फळ घ्यायचा विचार करतोस, तो सोड. तुझ्या वेलींचे ओलांडे अजून तयार झालेले नाहीत. पहिलं पीक पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या छाटणीवर धर, तेही वेलीची जाडी बघून थोडंच. पैसे अडत असतील तर मला सांग, पण पोरासारख्या कोवळ्या वेलीच्या डोक्यावर ओझं देऊ नकोस.

पाडव्यानंतर माझी खरड छाटणी सुरू होते. दोन दिवस राहायला ये, वहिनींनाही आण. दोन-तीन ओळी तुझ्या हातून छाटून घेईन, म्हणजे सगळं हातात बसेल. तुझी कात्री आण. तिचं पातं बोथट असलं तर काप चिरडतो, म्हणून धार लावूनच आण. आणि त्या दोन हात पळालेल्या ओलांड्याचं काय केलंस ते उद्या फोन करून कळव.

तुझाच,
अण्णा