टँडम उडी : ‘बाकी आम्ही बघतो’ एवढ्यावर विमानात बसू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीचे दिवस आले की पुरवण्यांमधून साहसी खेळांचे फोटो झळकू लागतात. मालवण-तारकर्लीला बोटीमागे दोरीने वर नेणारे पॅरासेलिंग, कामशेतच्या डोंगरावरून होणारे पॅराग्लायडिंग आणि विमानातून मारायची उडी ही तिन्ही कित्येकदा एकाच मथळ्याखाली येतात. पहिल्या दोन्हींत छत्री (पॅराशूट) पाय जमिनीवर किंवा बोटीवर असतानाच हवा भरून उभी राहिलेली असते. विमानातून उडी मारताना मात्र ती पाठीवरच्या पिशवीत घडी घालून बंद केलेली असते आणि हवेत कोसळत असताना उघडायची असते. पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन यांनी 2018 साली थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा ती वर्षानुवर्षे सराव केलेल्या व्यक्तीची उडी होती. पहिल्यांदाच जाणारा माणूस टँडम उडी मारतो, म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीला बांधला जाऊन. तिच्याविषयी आम्ही हे लिहीत आहोत.

दिल्लीकडे नोकरीला असलेली आपली कितीतरी मुले-मुली शनिवार-रविवारी हरियाणातल्या नारनौलजवळच्या बाछोद हवाईपट्टीवर जातात, काही जण सुटीत दुबईला हौस भागवतात. बहुतेकांना एकच वाक्य ऐकवले जाते : ‘तुम्हाला काही करायचं नाही, फक्त मजा घ्या, बाकी आम्ही बघतो.’ धीर देण्यासाठी ते ठीक आहे, पण ते खरे नाही. प्रवाशाला तीन कामे असतात आणि ती नीट झाली नाहीत तर उत्तम प्रशिक्षकही अडचणीत येतो.

पहिले काम विमानाच्या दारात सुरू होते. डोके मागे, प्रशिक्षकाच्या खांद्यावर. दोन्ही हातांनी छातीवरचे पट्टे धरायचे. कंबर पुढे काढायची आणि गुडघे वाकवून टाचा मागे, प्रशिक्षकाच्या दोन पायांमध्ये न्यायच्या. पोटावर निजलेल्या केळ्यासारखा हा आकार असतो आणि तो फोटोसाठी नसतो. कंबर सगळ्यांत खाली राहिली की जोडी पोटावर स्थिर पडते. मग काही सेकंदांत प्रशिक्षक ड्रोग नावाची छोटी छत्री हवेत सोडतो. दोघांचे वजन दुप्पट होते, पण हवेला अडवणारा पृष्ठभाग दुप्पट होत नाही. त्यामुळे ड्रोग नसेल तर वेग ताशी 280-290 किलोमीटरपर्यंत जातो, ड्रोगमुळे तो 190-200 वर राहतो. पुढे हीच ड्रोग मुख्य छत्रीला पिशवीतून बाहेर ओढते. प्रवाशाने घाबरून पाय पोटाशी घेतले किंवा प्रशिक्षकाचा हात पकडला तर जोडी गरगरते, आणि गरगरत असताना सोडलेली ड्रोग हातापायात अडकू शकते. म्हणून जमिनीवर ही मुद्रा निदान तीन-चार वेळा, पोटावर झोपून, करून घेतली पाहिजे. एकदा तोंडी सांगून विमानाकडे पिटाळणाऱ्या केंद्राला तिथेच थांबवून ‘पुन्हा करून घ्या’ म्हणावे.

उडी 10 हजार फुटांवरून असेल तर पहिल्या दहा सेकंदांत साधारण हजार फूट जातात, पुढचा प्रत्येक हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत. मुख्य छत्री साडेपाच हजार फुटांच्या आसपास उघडतात. म्हणजे मोकळे पडणे जेमतेम अर्धा मिनिट. जाहिरातीत ‘एक मिनिट फ्रीफॉल’ असेल आणि उंची 10 हजारच असेल तर हिशेब जुळत नाही, हे विचारायला लाजू नये. वर जमिनीपेक्षा सुमारे वीस अंश थंडी असते. खाली तीस असेल तर दारात दहा. जानेवारीत पातळ टी-शर्टवर जाणारे विमानातच कुडकुडतात आणि ताठरलेल्या अंगाला ती मुद्रा नीट जमत नाही.

दुसरे काम पट्ट्यांचे, आणि याबद्दल आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. प्रवाशाचा हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधलेल्या पट्ट्यांचा साज, प्रशिक्षकाला चार ठिकाणी जोडला जातो : खांद्यांजवळ दोन हुक, कमरेजवळ दोन. हुक सहसा दगा देत नाहीत, हार्नेस सैल असणे दगा देते. मांड्यांचे पट्टे वर जांघेत बसले पाहिजेत. ते मांडीच्या मध्यावर राहिले तर बसल्यासारखे वाकल्याबरोबर गुडघ्यांकडे सरकतात, ढुंगण खाली घसरते आणि वरचे पट्टे काखेत येतात. वयस्क, सडपातळ किंवा पोट सुटलेल्या प्रवाशाच्या बाबतीत हा धोका अधिक. परदेशात एका ऐंशी वर्षांच्या आजी अशाच हार्नेसमधून अर्ध्या निसटल्या होत्या. त्या सुखरूप उतरल्या, पण ते चित्रण जगभर पाहिले गेले. त्यासाठीच नितंबांच्या मागून दोन्ही मांडीपट्ट्यांना धरून ठेवणारा एक जास्तीचा पट्टा असतो. तो आहे ना, ओढला आहे ना, हे विचारा. मग उभे राहून एक गुडघा छातीपर्यंत उचला. मागे फट पडून हार्नेस अंगापासून सुटला तर तो सैल आहे. विमानात चढताना पट्टे थोडे ढिले ठेवतात, पण दार उघडण्याआधी चारही जोड पुन्हा तपासून पट्टे ओढलेच पाहिजेत. श्वास घेताना जरा जड वाटेल इतके.

राखीव छत्रीबद्दल थोडक्यात. मुख्य छत्री बिघडली तर प्रशिक्षक उजव्या हँडलने ती अंगापासून सुटी करून टाकतो आणि डाव्या हँडलने राखीव छत्री उघडतो. तो बेशुद्ध पडला तरी टँडमसाठीचे स्वयंचलित यंत्र साधारण 1,900 फुटांवर, वेग अजून जास्त असेल तर, राखीव छत्री सोडते. मुख्य छत्रीची घडी प्रत्येक उडीनंतर होते. राखीव छत्रीची घडी मुदतीने, पात्र तंत्रज्ञाकडून होते (अमेरिकेत ही मुदत 180 दिवसांची आहे) आणि तारीख कार्डावर लिहिलेली असते. ते कार्ड पाहायला मागा. प्रशिक्षकाचे टँडमचे प्रमाणपत्रही मागा, नुसत्या ‘हजार उड्या झाल्यात’वर जाऊ नका. 2016 साली कॅलिफोर्नियात एका टँडम उडीत अठरा वर्षांचा प्रवासी आणि प्रशिक्षक दोघेही गेले आणि प्रशिक्षकाकडे टँडमचे रीतसर प्रमाणपत्र नसल्याचे नंतर उघड झाले.

तिसरे काम उतरताना. छत्री उघडल्यावर पाच-सहा मिनिटे मिळतात. त्यातच पाय उचलायचा सराव हवेत एकदा करून घ्यायचा : हात गुडघ्यांखाली किंवा पँटची कड धरून, दोन्ही पाय जमिनीला समांतर, प्रशिक्षक ‘उभे राहा’ म्हणेपर्यंत. वारा पडलेला असला की जोडी बसूनच घसरत थांबते. जमीन जवळ दिसली की पाय आपोआप खाली जातात आणि मग दोघांचे वजन प्रवाशाच्या घोट्यावर येते. टँडममधल्या पुष्कळ दुखापती अशाच, शेवटच्या दोन सेकंदांत होतात.

उडीच्या दोन तास आधी हलके खाऊन घ्यावे. रिकाम्या पोटी छत्रीच्या वळणांत मळमळ जास्त होते, आणि ‘हळू वळवा’ म्हटले तर प्रशिक्षक हळूच वळवतो. नाक चोंदले असेल तर उडी पुढे ढकला, कानाचा पडदा दुखावतो. खांदा एकदा निखळला असेल तर आधी सांगा. स्कूबा केल्यावर 24 तास थांबा. नाडीचे बूट घाला, पण नाडी अडकवायचे धातूचे आकडे असलेले बूट नकोत, छत्रीच्या दोऱ्या त्यांत अडकतात. मंगळसूत्र, झुमके, अंगठ्या खालीच ठेवा.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुके पहिली फेरी अडवते. उड्या थांबल्या की पैसे भरलेले लोक ‘आमची परतीची गाडी आहे’ म्हणत वाद घालतात. असा दबाव आणू नये. तिकीट काढतानाच एक दिवस हाताशी राखावा आणि रद्द झाल्यास पैसे कसे परत मिळतील ते लेखी घ्यावे. अपघात विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. ते कलम घरूनच वाचून निघावे.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी उडीचा फोटो छापाल तेव्हा त्याखाली मांडीपट्टे आणि उतरतानाचे पाय यांवर चार ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपले,
हवाई क्रीडा क्षेत्रातील काही वाचक, पुणे